राग येणारी मुलगी
मोहफुलं वाळत घातल्याचा वास आला, की एटापल्लीकडची ती दोन खोल्यांची शाळा आठवते. तिथं मी चौथीला शिकवत होते. त्या दिवशी भावनांचा पाठ होता, म्हणून फळ्यावर हसरा, रडका आणि रागावलेला असे तीन चेहरे काढले. ‘राग कोणाकोणाला येतो?’ असं विचारलं, तर हात फक्त मुलग्यांचेच वर गेले. मग पहाटेपासून मोहफुलं वेचून शाळेत आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘मले येते, मॅडम. रोज वर्ग आमी पोरीच काऊन झाडतो?’ दारात उभे असलेले मुख्याध्यापक हसले. ‘पोरीच्या जातीले राग शोभत नाई,’ म्हणाले. तिनं मान खाली घातली आणि माझं डोकंच फिरलं. ‘तिचा राग बरोबर आहे, सर. आता मलेही आला!’ मी ओरडले आणि कोपऱ्यातला झाडू पुढं बसलेल्या मुलाच्या हातात दिला. ‘आता पोट्टे झाडतीन का?’ सर गरजले. ‘आजपासून पाळीनं झाडतीन,’ मी म्हटलं. ते तणतणत निघून गेले. तो मुलगा झाडायला लागला, तशी ती मुलगी जागेवरूनच खणखणीत आवाजात म्हणाली, ‘कोपरा राह्यला तिकडचा!’ माझी बदली होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी सरांचं ते हसणं आठवलं की तेवढाच राग येतो, आणि मी तो गिळत नाही.