आपट्याच्या सुगंधाबाई

सुगंधाबाई तोंड भरून हसायच्या, सगळं अंग सैल सोडून. पनवेलच्या हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरून मी ते हसणं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हाच मला त्यांचा हेवा वाटला. मी कित्येक वर्षं शिंकतानासुद्धा पाय आवळून धरत होते.

दोघींचं दुखणं एकच, अंग बाहेर येण्याचं. डॉक्टरीणबाई एकच, ऑपरेशनही एकच. सुगंधाबाई आपटा गावच्या धवलारीण, लग्नात मांडी घालून धवले गाणाऱ्या. सूर लावताना जोर पडायचा आणि अंग खाली यायचं, म्हणून त्यांचं गाणं सुटलं होतं. "आवाज हाय वयनी, पन बसायलाच होत नाय," त्या म्हणायच्या.

घरी आल्यावर मी पाण्याची बादली उचलली नाही, सांगितलेला व्यायाम चुकवला नाही. तिकडून सुगंधाबाईंचा फोन यायचा, "वयनी, मी तं इसरूनच गेले, मना काय झाल्ता!" मी "छान, छान" म्हणून फोन ठेवायचे आणि न्हाणीघरात जाऊन रडायचे. माझं पुन्हा खाली उतरू लागलं होतं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "काहीतरी जड उचललं असशील." मग मी बोलणंच सोडलं.

सुगंधाबाईंच्या पुतणीच्या हळदीला आपट्याला गेले. सुगंधाबाई पाटावर बसून गात होत्या, मांडी न बदलता. एवढ्या बायकांत मी एकटीच सारखी उठत होते. तिसऱ्यांदा उठले, तेव्हा गाणं दुसऱ्या बाईकडे सोपवून त्या मागोमाग परसात आल्या.

"परत झाला ना?"

मी मान हलवली. "सगळं पाळलं हो मी. तरी माझंच का?"

"डाक्टरीण बोलली व्हती ना, कोनाचा टिकतं, कोनाचा नाय. तुमचा काय चुकला त्यात?" मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "मना बगून जलता?"

"हो."

त्या खळखळून हसल्या. "जला. पन दाखवायला चला. मी येते संगती."

आल्याही. डॉक्टरीणबाईंनी तपासून, अंग खाली येऊ नये म्हणून आत आधाराची रिंग बसवली. ती मधूनमधून काढून धुवावी लागते. घरी ह्यांना स्वच्छ सांगितलं, "पुन्हा झालंय. माझं काही चुकलेलं नाही."

आता लग्नसराईत सुगंधाबाईंना उसंत नसते. त्या गातात आणि मी रिंग धुते. जळायची तेवढी अजूनही जळते. फक्त आता फोन करून त्यांनाच तसं सांगते.