पेटीतले हातमोजे

लॅबमध्ये निकालांपेक्षा किस्से लवकर साठतात. निकाल पुन्हा करून दाखवावे लागतात. किस्स्यांना ती अट नाही.

भोपाळच्या आमच्या लॅबमध्ये माझी बायको वसुधा काचेवर पेरोव्हस्काइटचे, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या स्फटिकाचे, पातळ थर चढवायची आणि मी ते मोजायचो. थर चांगला असला की काळा. जरा दमट हवा लागली की पिवळा आणि निकामी. एकदा टी. टी. नगरच्या सरकारी ऑफिसातले एक साहेब बघायला आले. अगदी वाकून म्हणाले, "वा!" त्यांच्या श्वासाने काच डोळ्यांदेखत पिवळी पडली. ते गेल्यावर वसुधा म्हणाली, "आवडली त्यांना."

थर टिकावा म्हणून ती त्यात दुसरा एखादा धातू किंचित मिसळायची. त्यालाच डोपिंग म्हणतात. ती म्हणायची, "घरात परका माणूस असला की आपण नीट वागतो ना? स्फटिकाचंही तसंच."

हे सगळं नायट्रोजन भरलेल्या बंद काचपेटीत चालतं. पेटीला दोन लांब काळे रबरी हातमोजे बसवलेले. आतल्या दाबाने ते फुगून बाहेर येतात, कुणी हात पुढे केल्यासारखे. स्टोअरचे तिवारीजी एकदा दिवे लावायच्या आधीच आत शिरले आणि दारातच थबकले.

"मॅडम, अंदर कौन है?"

"नायट्रोजन है, तिवारीजी. मिलना है?"

तेव्हापासून ते सामान दाराबाहेरच ठेवतात.

मी पहिल्यांदा त्या मोज्यात हात घातला तेव्हा तो चारी बाजूंनी आवळला गेला. मी म्हटलं, "कुणीतरी हात धरलाय." वसुधा म्हणाली, "कुणी नाही रे, दाब आहे. सवय होईल."

वसुधा हिवाळ्यात गेली. तिची शेवटची काच पेटीतच राहिली. नंतर आमची विद्यार्थिनी मुग्धा हिने त्याच कृतीने कितीतरी थर केले. सगळे पिवळे पडले. वसुधाचा तेवढा काळाच. पण मोजायला तो बाहेरच्या हवेत काढावा लागला असता. मुग्धाने विषय काढला नाही, मीही नाही. त्या पेटीसमोर मुलं अजून हळू बोलतात.

परवा मात्र पेटी दुसऱ्या कामाला द्यायची ठरली. काच काढायचं काम मी माझ्याकडे घेतलं. हवा दमट होती. लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी उजवा हात मोज्यात घातला आणि नेहमीसारखी पकड बसली. काच समोरच होती, काळी. चिमटा उचलला, पण हात पुढे सरकेना. पकड घट्ट होती. बऱ्याच वेळाने मी चिमटा ठेवला, तेव्हा ती सैल झाली.

हात बाहेर काढतोय तोच मुग्धा आली, मागे नवा सिलिंडर घेऊन हमाल.

"सर, पेटी उघडली नाहीत ना? नायट्रोजन कालच संपलाय. आत दाब बिलकुल नाही."

मी पेटीकडे पाहिलं. डावा हातमोजा खाली लोंबत होता. उजवा हात पुढे केल्यासारखा माझ्या दिशेने ताठ होता.