दादा अडखळायचा आणि मी बोलून टाकायचे

माझ्या भावाला मी आयुष्यभर नीट बोलू दिलं नाही.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून लोक म्हणतायत, बहिणीनं भावाला किती सांभाळलं. म्हणून हे लिहितेय.

दादा बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. शब्द ओठांवर यायचा आणि तिथंच अडकायचा. तो डोळे मिटायचा, मान ताणायचा.

आणि तो शब्द मी बोलून टाकायचे.

दुकानात, शाळेत, पाहुण्यांत. लग्न होऊन मी दौंडला रेल्वे कॉलनीत आले, तरी त्याच्या शेतातल्या फुलांचे व्यापारी दर ठरवायला फोन मलाच करायचे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यानं स्पीच थेरपी सुरू केली. दर गुरुवारी मांडवगण फराट्याहून बाईकवर दौंडला. मॅडमनी सांगितलेलं, रोज अर्धा तास कुणापुढं तरी मोठ्यानं वाचायचं. सावकाश.

गुरुवारी तो माझ्यापुढं पेपर वाचायचा. तीन महिने झाले, चार झाले. मला तरी काही फरक दिसेना.

एकदा ‘पाणीपुरवठा’वर अडकला. इकडं माझा कुकर, मुलांच्या क्लासची घाई. मी शब्द बोलले आणि वर म्हणाले,

"दादा, सोड ना आता. या वयात कुठं जमतंय? मी हाय ना बोलायला."

त्यानं पेपरची घडी केली. चहा प्यायला. गेला.

पुढच्या गुरुवारी आला नाही. मला वाटलं, ऐकलं माझं.

खरं सांगते, बरंही वाटलं.

पण त्यानं थेरपी सोडलीच नव्हती. फक्त माझ्याकडं यायचं सोडलं होतं. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा वहिनीनं सांगितलं, रोज गोठ्यात बसून वाचतात.

मी हसले. "गाईला काय कळतंय रे?"

"ती म-मधी बोलत न्हाई," दादा म्हणाला.

वहिनी हसली. मीही हसले. तेव्हा लागलं नाही.

पुढं वर्षभरानं त्याच्या मुलीच्या, प्राजक्ताच्या लग्नाची बैठक बसली. पोरगी कोरेगाव भीमाजवळ एका कंपनीत क्वालिटी तपासायच्या कामाला होती. तिच्या नोकरीचा विषय निघाला आणि दादा उभा राहिला.

"प-पोरगी न... न... नोकरी..."

अडकला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मला ती शांतता सहन होईना.

"नोकरीचं काय, तुम्ही म्हणाल तसं करंल ती," मी बोलून टाकलं.

प्राजक्ताचा चेहरा खर्रकन उतरला.

दादानं हात वर केला. माझ्याकडं बघून.

"तू थ-थांब."

तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "पाव्हणं, सावकाश बोला. आमाला काय घाई न्हाई."

परका माणूस. पहिल्यांदाच भेटलेला. मी सख्खी बहीण, मला हे कधी सुचलं नव्हतं.

दादाला वेळ लागला. दोनदा अडकला. पण सगळं स्वतः बोलला. "पोरगी नोकरी सोडणार न्हाई. तुमाला चालत आसंल तरच पुढचं बोलू."

"चालतंय की," ते म्हणाले.

प्राजक्ता आजही ड्युटीला जाते.

दादा पूर्ण बरा झाला नाही. अडकायचाच. पण व्यापाऱ्यांचे फोन मला यायचे थांबले. भाव तो स्वतः ठरवायचा, लागेल तेवढा वेळ घेऊन.

बैठकीवरून मला तो एका शब्दानं बोलला नाही. मीही विषय काढला नाही. दोन राखीपौर्णिमा गेल्या, दोन भाऊबीजा गेल्या. म्हटलं, बोलू कधीतरी.

मागच्या वर्षी झेंडूची तोडणी चालू असताना त्याच्या छातीत कळ आली. शिरूरला नेईपर्यंत संपलं होतं.

दादा, तुला जमत नव्हतं असं नाही. तुझ्याबरोबर थांबायचं मला जमलं नाही.

चुकलं माझं.

हे तुझ्यासमोर बसून बोलायला हवं होतं. आज फोटोला हार घालून बोलतेय.

भावपूर्ण श्रद्धांजली, दादा. तुझ्या मंगलचा नमस्कार.