सोमारीबाईचं कुर्माघर

सोमारीबाईची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. नातवंडं झाली, गुडघ्यांनी दगा दिला, मोहफुलं वेचता वेचता मध्येच बसावं लागायला लागलं. अशात एक दिवस लुगड्याला डाग दिसला. तिनं अंथरूण उचललं आणि गावाबाहेरच्या कुर्माघरात जाऊन बसली. धानोऱ्याकडच्या या गोंडी गावांत पाळीच्या बायका तिथंच राहतात. बायकांनी चेष्टा केली, "म्हातारी पुन्हा जवान झाली वं!" तीही हसली. मग डाग दिसला की कुर्मात जायची, थांबला की आंघोळ करून घरी यायची. असं वर्ष गेलं.

मी त्या गावची नर्स. अंगावरचं काही लपवू नका, दवाखान्यात या, हे तेच तेच सांगून माझं तोंड दुखतं, तरी हाती काही लागत नाही. कुर्मात कोण बसलं, का बसलं, हे तर नर्सला कुणी सांगतच नाही. शेवटी तिची सून भागीरथा माझ्यापाशी कुरकुरली, "सिस्टरबाई, सासू सारखी कुर्मातच राह्यते. घरचं काम मी एकटीनं किती करू?"

या वयात ही पाळी नव्हे, हे मला लगेच कळलं. दुसऱ्याच दिवशी सोमारीबाईला गडचिरोलीला नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. "थोडं लवकर आणलं असतं तर," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा दमलेला होता.

सोमारीबाईला वेगळाच घोर लागला होता. "कुर्मात असतानी मी एकदा धानाच्या ढोलीले हात लावला होता, बाई. त्याचंच हाय का हे? नाई तं गावात एवढ्या बाया, मलेच काऊन?"

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं होतं, तेच मी तिला सांगितलं. "हा रोग एका विषाणूनं होते. तो लई बायांच्या अंगात येते. बहुतेकींचं अंग त्याले हाकलून देते, एखादीच्या अंगात तो ठाण मांडते. आपल्या पेशीत एक प्रथिन राखणदार असते, बिघडलेल्या पेशीले ते वाढू देत नाई. विषाणू त्याले सोता नाई मारत. पेशीतलंच दुसरं एक प्रथिन असते, मोडतोड साफ करनारं, त्याले विषाणू फितवते आन त्याच्याच हातून राखणदाराले संपवते. मंग पेशी मोकाट वाढते."

"म्हंजे घरचाच फुटला."

"हो."

"मंग ढोलीचं काई नाई?"

"काईच नाई. तुमची काई चूक नाई."

कॅन्सरचं नाव ऐकून ती रडली नव्हती. तेव्हा मात्र पदरात तोंड घालून रडली. मलाही भरून आलं, पण शेवटची बस गाठायची होती.

नागपूरला रेडिएशनचा शेक झाला. बाई वाळून गेली, पण रक्त थांबलं. ती पुन्हा उन्हात बसून नातवंडांवर ओरडायला लागली, आणि मला उगाच आशा वाटायला लागली.

परवा उपकेंद्र उघडायला गेले, तर ती पायरीवर बसलेली. एकटीच चालत आली होती. लुगड्याला डाग होता. पुन्हा रक्त दिसलं तर रोग परतलेला असू शकतो, हे मला डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"यावेळी कुर्मात नाई गेली," ती म्हणाली. चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. "सकाळी दिसलं, तशीच तुयाकडं आली. लवकर आली ना मी?"

"हो बाई," मी म्हटलं, "एकदम लवकर आल्या."

आणि गाडीसाठी फोन लावला.