जमायची जागा

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत अग्निशमन दलाचे जवान आले होते. पेटत्या सिलिंडरवर ओलं गोणपाट कसं टाकायचं ते दाखवून झाल्यावर त्यांच्यातले एक पोक्त जवान मुलांना म्हणाले, "घराला आग लागली की सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ठरलेल्या एकाच जागी जमायचं. म्हणजे आत कोण राहिलं ते कळतं. तुमच्या घरची जागा कुठली?"

"भेळवाल्यापाशी!" एक मुलगी ओरडली.

"आग विझेपर्यंत तुम्ही भेळ संपवाल की गं त्याची," जवान म्हणाले. सगळे हसले.

मी मात्र मनाने गावी पोचले होते. आमच्या घराचं छप्पर उसाच्या पाचटाचं. उन्हाळ्यात वारं सुटायला लागलं की ठिणगीच्या भीतीने आई चूल घरापासून लांब, कडुनिंबाखाली मांडायची. अण्णा, मी आणि धाकटा भाऊ तिथंच जेवायला बसायचो. "आलात का सगळे?" असं विचारूनच ती तवा ठेवायची. त्या भाकरीवर आम्ही भावंडं शिकलो, आणि शिकलो म्हणूनच दोन शहरांत पांगलो. अण्णा आता नाहीत. पाचटाच्या जागी स्लॅब झाला, आत गॅस आला. चूल बाहेर मांडायचं कारणच उरलं नाही.

दुपारी आईला फोन केला. "आई, आग लागली तर आपण सगळ्यांनी कुठं जमायचं?"

"जमायला आग कशाला लागायला पाहिजे गं?" आई म्हणाली. "कडुनिंब आहे की अजून तिथंच."