बाबांआधी खोली

बांधकाम कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे ‘आधीबाई’ म्हणत. इमारतीचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर मांडायचं हे तिचं काम. प्रत्येक कामाची एक पट्टी, आणि कुठलं काम कुठल्या कामासाठी अडून बसलंय ते दाखवणारे बाण. हे बाण शोधायचा तिचा एकच मार्ग होता, समोरच्याचं डोकं खाणं.

“प्लास्टर सोमवारी,” मुकादम सांगे.

“त्याआधी काय?”

“भिंतीतले पाइप.”

“त्याआधी?”

“भिंत.”

“आणि भिंतीआधी?”

“तुम्ही, बाई. तुम्ही सोडलंत की बांधतो.”

कुरकुरला तरी मुकादम तिचे बाण मानायचा. एकदा ती रजेवर असताना त्याने तळघराचं दार बसवून टाकलं, आणि मग तळघरात ठेवायची पाण्याची भलीमोठी टाकी आली. दार चौकटीसकट उखडावं लागलं. तेव्हापासून तो तोंड पाडून का होईना, उत्तरं देत असे.

अशा या बाईचं घरचं एक काम मात्र वर्षभर रखडलं होतं. आई गेल्यापासून बाबा दुसऱ्या गावी एकटेच राहत. त्यांना इकडे आणायचं, मागच्या खोलीत त्यांची सोय करायची, एवढंच. परवा बल्ब बदलताना ते स्टुलावरून पडले. खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने खोलीचंही वेळापत्रक मांडायला घेतलं. बाबांआधी खोली तयार. खोलीआधी कपाट. कपाटाआधी रंग. आणि रंगाआधी बाबा, कारण रंग ते स्वतः खोली बघून निवडणार.

शेवटचा बाण ओढला आणि स्क्रीनवर लाल पाटी आली. ही कामं एकमेकांवरच अडली आहेत, तारीख काढता येत नाही.

“माझ्याकडून असं झालं असतं तर सोलून काढलं असतंत मला,” मागून मुकादम म्हणाला आणि शहाण्यासारखा सटकला.

ती एकेक बाण तपासू लागली. रंगाआधी बाबा, हे तर खरंच. रंगाच्या बाबतीत बाबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. पण बाबांआधी खोली? हे कुणी ठरवलं? तिनेच. अर्धवट घरात बाबांना परक्यासारखं वाटेल, या भीतीलाच ती वर्षभर तयारी म्हणत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली. तिने तो बाण पुसला आणि फोन लावला.

“बाबा, उद्या तुम्हाला न्यायला येतेय.”

“झाली का खोली?”

“नाही. सध्या हॉलमध्येच झोपावं लागेल.”

“चालेल की. बॅग भरलेलीच आहे.”

“कधी भरलीत?”

“तू गेल्या वर्षी खोली करायला घेतलीस ना,” बाबा म्हणाले, “तेव्हाच.”