पहिल्या बेसवर दोनदाच

माझी भाची डावखुरी. लहानपणी जेवताना डावा हात पुढं केला की चापट बसायची. बेसबॉलच्या मैदानात मात्र त्याच हातानं आमच्या शाळेची इज्जत राखली. भाची पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी. डावखुरा पिचर उभा राहिला की पहिला बेस बरोबर त्याच्या तोंडासमोर येतो. तिथली पोरगी दुसरा बेस चोरायला, म्हणजे चेंडू टोलवण्याआधीच तिकडं पळायला, जरा सरकली, की भाची तिला बाद करायला चेंडू पहिल्या बेसवर फेकायची. पुन्हा सरकली, पुन्हा फेकायची. शेवटी समोरची बेसला चिकटूनच बसायची. मी शाळेत खेळाचा शिक्षक, पण हे तिचं तिनंच कमावलेलं.

अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांचे नियम बदलले, ते आम्ही सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर पाहिलं. एका बॅटरच्या वेळी पिचरनं असं दोनदाच फेकायचं. तिसऱ्यांदा फेकून धावणारा बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस फुकट. बेसही मोठे केले, म्हणजे मधलं अंतर कमी. का, तर प्रेक्षकांना पळापळ बघायची असते. चोऱ्या वाढल्या म्हणून तिकडं सगळे खूश. मला गंमत वाटली. कुठं अमेरिका, कुठं आमचं बेंबळी.

यंदा जिल्हा संघाची निवड तुळजापूरला होती. वयोगटातलं भाचीचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. सामन्याआधी संयोजक म्हणाले, "सर, यंदा अमेरिकेच्या नियमानं खेळायचं." मी तावातावानं भांडलो. पळापळ बघायला मैदानावर होतं कोण, चार बाया आणि एक शेंगावाला. पण माझं ऐकतो कोण?

भाचीनं दोनदा फेकला. कळंबकडची चपळ पोरगी दोन्ही वेळा थोडक्यात वाचली आणि मग बेस सोडून खुशाल पुढं येऊन उभी राहिली. भाचीनं चेंडू हातात धरून माझ्याकडं पाहिलं. इकडं आड, तिकडं विहीर. तिनं बॅटरकडं चेंडू टाकला आणि ती पोरगी दुसऱ्या बेसवर. नंतर तिसऱ्यावर. दुपारी संघ जाहीर झाला, त्यात भाची नव्हती.

बसस्टँडवर ती कळंबची पोरगी आपणहून आली.

"गेल्या साली तुझ्यापुढं म्या बेस सोडला न्हवता. लई भ्या वाटायचं."

"मग यंदा?"

"यंदा तुझे हात बांधले व्हते की."

भाचीनं मान डोलावली. बसमध्ये म्हणाली, "मामा, नव्या पोरींना फेकायला शिकवू नगा आता. पळायलाच शिकवा."

मी बरं म्हणालो.